पडद्यामागची ठकठक

एका गावात एक भोळा ड्रायव्हर होता. गाव घाटाच्या पायथ्याचं, आंबळवाडी. ड्रायव्हरचं नाव गुणाजी. त्याला सांगाल ते तो करायचा. सांगाल तेच करायचा. आणि थांब म्हणेपर्यंत करायचा. शाळेत असताना मास्तर एकदा म्हणाले, "गुण्या, बाकावर उभा राहा." शाळा सुटली. मास्तर घरी गेले. शाळेला कुलूप लागलं. गुणाजी बाकावर. मास्तर "उतर" म्हणायला विसरले होते.

आईबाप लवकर गेले. थोरल्या भावाच्या बायकोनं, शेवंता वहिनीनं, त्याला वाढवलं. तिनं त्याच्यावर कधी हात उचलला नाही. म्हणायची, "त्याच्याशी बोलताना आपणच नीट बोलावं. तो नीटच ऐकतो."

तर त्या गावाला ॲम्ब्युलन्स आली. पांढरी शुभ्र, डोक्यावर निळा दिवा. रंगरावसाहेबांनी दिली. कुठले साहेब ते विचारू नका. आधी ते आपल्याला हात जोडतात, मग आपण त्यांना जोडायचे, हीच साहेबाची खूण.

दिली म्हणजे आणून उभी केली. लोकार्पण व्हायचं होतं आणि साहेबांना सवड नव्हती. तोवर गाडी पंचायतीपुढच्या मांडवात. पुढं दोन बांबू रोवलेले, बांबूंना लाल रिबीन. गाडीच्या नाकावर, जाळीला, भली थोरली पितळी पाटी. पाटीवर मखमली पडदा. पडद्याला दोरी.

सरपंच बळवंततात्यांनी गुणाजीला ड्रायव्हर नेमला. त्यांना असलाच माणूस हवा होता.

"ऐक गुणा. रिबीन साहेबच कापणार. कापायचं काम दुसऱ्या कुणाचं न्हाई."

"बरं. कापायचं काम साहेबांचं."

"पडद्याला हात लावायचा न्हाई. दोरी साहेब ओढणार."

"बरं."

"रोज सकाळी गाडी चालू करायची, बॅटरी उतरू ने म्हणून. पर जागची हलवायची न्हाई."

"बरं."

गुणाजीनं गाडी चालू केली. जागच्या जागी स्टेअरिंग धरून बसला, दोन्ही बाजूंना बघून हॉर्नही वाजवला. तेवढ्यात गाडीच्या तोंडाकडून आवाज आला. ठक, ठक, ठक.

गुणाजीला घोर लागला. कारण घरात शेवंता वहिनीला दिवस गेलेले होते. पहिल्या खेपेला तिला बैलगाडीतून नेत होते. घाट संपायच्या आधीच सगळं संपलं, आणि ती रिकाम्या ओटीनं परत आली. या वेळी नर्स कुसुमताईंनी बजावलं होतं: बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात, दुसरीकडं नाही. आणि तालुका घाटावर.

वहिनी म्हणाली, "गुणा, तुजी गाडी घाट चढली पायजे बरं का."

"बरं," गुणाजी म्हणाला. रोजचंच 'बरं', पण या वेळी म्हणताना त्यानं टोपी काढली होती.

तो तात्यांकडे गेला. "तात्या, गाडी वाजतीया. गॅरेजला न्यायची का?"

"खुळा का काय! लोकार्पणाआधी गॅरेजला? साहेबांनी वाजकी गाडी दिली म्हणून बोंब हुईल. तू एकटाच जा मिस्त्रीकडं. इचारून ये."

मग काय, गाडी राहिली मांडवात आणि आवाज गेला चालत बाजारगावाला.

बाबालाल मिस्त्री तेलाच्या डब्यावर बसलेले असत. त्या डब्यावरून ते उठलेले कुणी पाहिले नव्हते.

"कसा वाजतो?"

"ठक, ठक, ठक."

"आन् रेस दिल्यावर?"

"ठकठकठकठक."

मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकलं. तंबाखू या गालातून त्या गालात नेली. "ध्यानात ठेव. ठकठक झाली की पयलं तेल बघायचं. नसलं तर घालायचं. इचारत बसायचं न्हाई."

"बरं."

गुणाजी तेलाचा डबा घेऊन घरी आला. गाडीत तेल बघितलं. काठोकाठ होतं. डबा दारामागं ठेवला आणि भाकरी खायला बसला. इतक्यात दार वाजलं. ठक, ठक, ठक.

गुणाजी ताटावरून उठला. दारात ग्रामसेवक भाऊसाहेब. हे भाऊसाहेब गावात उगवायचे अमावास्येच्या चंद्रासारखे, आणि आले की सह्या घेऊन पळायचे. गुणाजीनं त्यांच्या डोक्याकडं बघितलं. टक्कल. वाळून कोळ झालेलं. तेलाचा टिपूस नाही. त्यानं डबा उचलला आणि घातलं.

"अरे! अरे, हे काय?"

"हलू नगा, भाऊसायेब. डोकं अजून तेल पितंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजारगाव.

"मुडद्या!" मिस्त्री डब्यावरूनच ओरडले. "माणसाला कुणी इंजिन ऑइल घालतं व्हय? आधी आवाज कुठनं येतो ते हुडकायचं. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. मूठ कानाला, टोक गाडीला. टोक फिरवत जायचं. जिथं लई वाजंल तिथं दुखणं."

"बरं."

गुणाजीनं गाडी चालू केली. मूठ कानाला, टोक गाडीला. मागं वाजेना. मधे वाजेना. पुढं जरा वाजलं. पडद्याजवळ गेला, तर कानठळ्या बसल्या. दुखणं पडद्यामागं! पण पडद्याला हात लावायचा नव्हता. गुणाजीनं हात मागं घेतला आणि तात्यांना सांगायला निघाला.

तात्या मटण जेवून पडवीत आडवे झाले होते. तोंड उघडं. आणि तोंडातली कवळी श्वासागणिक वाजत होती. खट, खट, खट.

गुणाजी थांबला. असा आवाज सोडून जाणं त्याला बरं वाटेना. त्यानं मूठ कानाला लावली. टोक तात्यांच्या पोटाला लावलं. पोटात नुसती गुडगुड. छातीला लावलं. मग गळ्याला. मग हनुवटीला.

तात्यांनी डोळे उघडले. गळ्याशी हातभर सळई, सळईच्या दुसऱ्या टोकाला गुणाजी.

"मारलं! मला मारलं!" तात्या ओरडले. कवळी अंगणात पडली. ती कुत्र्यानं उचलली. कुत्र्यामागं तात्या, तात्यांमागं गुणाजी.

"तात्या, भिऊ नगा! पोट चांगलं हाय! दोष वरच्या जबड्यात हाय!"

या धांदलीत पडद्यामागचं सांगायचं होतं, तेही त्यानं सांगितलं. तात्या कवळी पुसत म्हणाले, "पडद्याचं नाव काढलंस तर तुला गाडीखाली घालीन!" गुणाजी "बरं" म्हणाला. पडद्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

पुन्हा बाजारगाव. आता मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "सळई माणसाला न्हाई लावायची रं! बरं, आता शेवटचं सांगतो. एकेक भाग सोडवून बघायचा. जो सोडवल्यावर आवाज थांबंल, त्याच्यात दोष. सोडवलेला भाग फडक्यात बांधून जपायचा. काम झालं की ज्याच्या त्याच्या जागी परत बसवायचा. आन् नट असा आवळायचा की बापजन्मात वाजला न्हाई पायजे."

"बरं."

परत येईतो दिवेलागण झालेली. देवळात भजन रंगलं होतं, म्हणजे तसं भजनवाल्यांना वाटत होतं. मुख्य बुवा मधेच पेटीवरचा हात उचलून म्हणाले, "कुणाचं तरी चुकतंय. कुणाचं ते हुडका."

भजन पुन्हा सुरू झालं आणि सगळे गाता गाता एकमेकांकडं बघायला लागले. गुणाजी मात्र उठला. पहिल्या टाळकऱ्याचे टाळ काढून घेतले. बेसूर चालूच. दुसऱ्याचे काढले. चालूच. पखवाज उचलून बाजूला ठेवला. चालूच. पेटी ओढून घेतली. चालूच. मग त्यानं बुवांच्या तोंडावर हात ठेवला.

देवळात शांत झालं. घंटेवर बसलेलं पाखरूसुद्धा शांत झालं.

"बुवा," गुणाजी म्हणाला, "दोष तुमच्यात हाय."

बुवा त्या दिवसापासून गुणाजीशी बोलत नाहीत. गावातले बाकीचे बोलतात, आणि जरा जास्तच मायेनं बोलतात.

अखेर साहेबांना सवड झाली. मांडवाला झिरमिळ्या लागल्या. हार आले, नारळांचं पोतं आलं, फोटोवाला आला. गाडीला हार घालायला वीस हात पुढं येतात. नट आवळायला एक येत नाही. पण ते असू द्या.

साहेब बोलायला उभे राहिले. साहेबांचं भाषण एकच होतं. पुलाला तेच, विहिरीला तेच. एकदा चुकून कुणाच्या तेराव्याला गेले, तिथंही तेच. "मंडळी, हे काम आपणच केलं! पण मी एवढ्यावर थांबणार नाही. असंच काम मी घराघरांत करून दाखवणार!"

साहेब नुकते पहिल्या पुलापर्यंत आले होते, आणि मांडवाच्या टोकाला गलका झाला. गुणाजीचा भाऊ हणमंता शेवंता वहिनीला धरून आणत होता. बरोबर नर्स कुसुमताई. वहिनीच्या कळा सुरू झाल्या होत्या, चार दिवस आधीच.

"दार उघडा गाडीचं!" कुसुमताई गरजल्या, आणि वहिनीला आत निजवलंसुद्धा.

तात्या आडवे आले. "ताई, लोकार्पण व्हायचंय. रिबीन कापल्याबिगर गाडी हलायची न्हाई."

"हिची सुटका तुमच्या रिबिनीला थांबणार का? गुणा, काढ गाडी!"

आता गुणाजीपुढं पेच पडला. ताई म्हणतात काढ. तात्या म्हणाले होते, कापायचं काम साहेबांचं. साहेब तर अजून विहिरीपाशीच. गुणाजीनं आतल्या वहिनीचा आवाज ऐकला. मग त्यानं दोन्ही बांबू उपटले आणि रिबिनीसकट, न कापता, गाडीच्या टपावर ठेवले. आणि ज्याअर्थी रिबीन निघाली, त्याअर्थी कापणाराही निघायला हवा. त्यानं साहेबांना खांद्यावर घेतलं. साहेबांच्या हातात माइक तसाच. मांडवातून जाताना ते बोलतच होते. वायर संपली, भाषण नाही.

साहेबांना आत कोंबल्यावर तात्या धावत आले आणि चढले. पंच चढले. पंचांमागून हार आणि नारळही चढले, कारण ते कुणाकडे सोपवायचे हे ठरलं नव्हतं. गाडी निघाली.

घाटाला लागताच गाडीनं ताल धरला. ठक, ठक, ठकठक, ठकठकठक! गुणाजीनं गिअर खाली घेतला. हाच तो घाट. मागं वहिनी ओठ दाबून कण्हत होती. गाडी इथं अडली तर काय होतं ते तिला माहीत होतं, आणि त्यालाही.

त्यानं ब्रेक लावला. खाली उतरून मागचं दार उघडलं.

"तात्या, उतरा. तुम्हांला सोडवून बघायचंय."

तात्या जाब विचारायला खाली उतरले. गुणाजीनं दार लावलं आणि गाडी पुढं घेतली. ठकठक तशीच. पुन्हा थांबला. पंच सोडवले. तशीच. हार सोडवले, नारळ सोडवले. तशीच. हणमंतादादाला सोडवायला गेला, तर वहिनीनं दादाचा हात असा धरला होता की सुटेना. गुणाजीनं वाकून बघितलं. "ह्यो घट्ट हाय," म्हणाला. "ह्यो वाजत नसणार."

साहेब कोपऱ्यातून म्हणाले, "बाबा रे, मला सोडव."

"तुम्हांला कसं सोडवू? तुमचं कापायचं ऱ्हायलंय."

मग राहिलं एकच. गुणाजी गाडीच्या नाकापुढं जाऊन उभा राहिला. त्याचं नाव काढायचं नव्हतं. हात लावायचा नव्हता. गुणाजीनं साहेबांना हाताला धरून खाली आणलं, दोरीपुढं उभं केलं, आणि दोरीकडं नुसतं बोट दाखवलं.

दोरी दिसली की साहेबांचा हात आपोआप जातो. साहेबांनी दोरी ओढली, पडदा सरकला, आणि साहेब हसऱ्या चेहऱ्यानं कॅमेरा शोधायला लागले. समोर एक शेळी होती.

पडद्यामागं पाटी होती. चार बोल्टांची पाटी एका बोल्टावर लोंबत होती. इंजिन थरथरलं की पाटी जाळीवर आपटायची. ठक, ठक, ठक. महिनोन् महिने सगळं गाव ऐकत होतं. बघायची मनाई होती.

गुणाजीनं पाटी सोडवली. ठकठक थांबली. त्यानं पाटी फडक्यात बांधली, साहेबांना परत आत बसवलं, आणि गाडी अशी चढली की जणू खालून कुणी ढकलतंय.

घाटमाथा ओलांडला आणि मागं ट्यांव झालं. मुलगी! गाडी कडेला थांबली. कुसुमताईंनी दोन ठिकाणी चिमटे लावले, कात्री स्पिरिटात बुचकळली, आणि नाळ कापायला वाकल्या.

"थांबा!" गुणाजी ओरडला. "कापायचं काम साहेबांचं!"

"गुणा, ही काय वेळ आहे का?"

"दुसऱ्या कुणी कापायचं न्हाई!" गुणाजी कात्रीपुढं हात आडवा घालून उभा राहिला. वहिनी घामानं निथळत होती, तरी म्हणाली, "ताई, द्या त्या साहेबांच्या हातात. ह्यो ऐकायचा न्हाई."

ताईंनी साहेबांचे हात स्पिरिटनं धुतले आणि कात्री दिली. "इथं. दोन चिमट्यांच्या मधे. आणि डोळे उघडा."

साहेबांनी डोळे मिटूनच कापलं. हातात कात्री आली की तोंडही आपोआप चालतं. साहेब म्हणाले, "लोकार्पण झालं असं मी जाहीर करतो."

हणमंतानं टाळ्या वाजवल्या. भला माणूस.

दवाखान्यात मायलेकी सुखरूप. बाळ हातात घेतलेल्या साहेबांचा फोटो पेपरात आला, तेव्हा साहेबांचा राग गेला. तात्या आणि पंच घाट उतरून पायी घरी आले होते, त्यांचा काही गेला नाही.

आता गुणाजीकडं पाटी राहिली. मिस्त्री म्हणाले होते, ज्याच्या त्याच्या जागी परत बसवायची. तिची जागा कुठली? बारशाच्या सकाळी तो तात्यांकडं गेला.

"तात्या, पाटी कुठं लावू?"

तात्या पायांच्या फोडांना लोणी लावत होते. मान वर न करता म्हणाले, "आरं, ज्याचं लोकार्पण झालं त्याच्यावर! सगळ्यांना दिसंल अशी! ह्येबी मीच सांगायचं का?"

"बरं," गुणाजी म्हणाला.

बारशाला अख्खं गाव आलं. साहेब आले, आणि पहिल्यांदाच आक्कासाहेबांना, म्हणजे आपल्या बायकोला, घेऊन आले. साहेब बाहेर मांडवात बाप्यांत बसले आणि बसल्या बसल्या पेंगले. आक्कासाहेब आत गेल्या. फुलांनी सजवलेला पाळणा. पाळण्यात मुलगी. आणि पाळण्याच्या दर्शनी बाजूला, चारही बोल्ट आवळून, राखेनं घासून लखलखीत केलेली पितळी पाटी:

माननीय श्री. रंगरावसाहेब यांच्या अथक प्रयत्नांतून व सौजन्याने गावास लाभलेली अनमोल भेट.

पाळणा म्हणणाऱ्या बायकांचा सूर अडकला. आक्कासाहेबांनी पाटी वाचली. चष्मा पुसून परत वाचली. मग पाळण्याकडं बघितलं, वहिनीकडं बघितलं, हणमंताकडं बघितलं. हणमंताला वाचता येत नव्हतं. तो पाटीवरून हात फिरवून म्हणाला, "पितळ जाड हाय, नव्हं?"

आक्कासाहेब तडक मांडवात आल्या. सगळ्या गावासमोर त्यांनी नवऱ्याला हलवलं. "अहो! हे काम तुमचं?"

साहेब दचकून जागे झाले. समोर गर्दी. कानांवर पडलं ते 'काम'. साहेब उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले.

"मंडळी, हे काम आपणच केलं! पण मी एवढ्यावर थांबणार नाही. असंच काम मी घराघरांत करून दाखवणार!"

हसू मांडवाच्या कनातीबाहेर गेलं. बुवासुद्धा हसले, सुरात. तात्यांनी धावत जाऊन पाटी काढायला बघितलं, पण ती बापजन्मात निघणार नाही अशी आवळलेली होती. ते गुणाजीवर हात उगारून वळले, तर मधे शेवंता वहिनी. मुलगी खांद्यावर, पदर खोचलेला.

"हात खाली घ्या, तात्या. ज्यानं सांगितलं तसं केलं, त्याला मारायचं न्हाई. सांगणाऱ्यानं आपलं तोंड तपासावं."

साहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर हसून हसून जमिनीला टेकला होता, त्याला गाडी हाकता येईना. म्हणून साहेबांना आणि आक्कासाहेबांना तालुक्याला सोडायचं काम गुणाजीकडं आलं. ॲम्ब्युलन्स घाटाला लागली. नवीकोरी वाटावी अशी चालली होती. आणि मधल्या वळणावर मागून आवाज आला. ठक, ठक, ठक.

गुणाजीनं आरशात बघितलं. आक्कासाहेबांच्या हातात छत्री होती. छत्रीची मूठ लाकडी होती, आणि साहेबांचं डोकं अगदी कोरडं होतं.

गुणाजीनं गाडी कडेला घेतली आणि सीटखालचा तेलाचा डबा काढला.